मीटरकाका

शर्टाच्या खिशात जिथं पेन असावं तिथं ज्याचा टेस्टर असतो आणि कमरेला मोबाइलच्या पाऊचमध्ये क्लॅम्पमीटर, असा एक तरी निवृत्त गृहस्थ सिडकोच्या प्रत्येक सेक्टरात सापडतो. एन-नऊमधल्या आमच्या गल्लीत जे आहेत त्यांना लहानथोर सगळे मीटरकाका म्हणतात. ते वायरमन नाहीत. वायरमन बोलावूनही येत नाही, काका न बोलावता येतात. वायरमन आला तर काम करतो आणि पैसे घेतो. काका यातलं काहीच करत नाहीत. ते मोजतात, भागाकार करतात आणि उत्तर लेखी देतात.

काका सरकारी ऑडिटमधून निवृत्त झाले. उभी हयात वैजापूर, सिल्लोड, अंबड, भोकरदन अशा तालुक्याच्या गावी रोकडवह्या तपासण्यात गेली. एसटीतून उतरायचं, रेस्ट हाऊसच्या खाटेवर पाठ टेकायची आणि दुसऱ्या दिवशी कपाटाची किल्ली ज्याच्याकडे आहे तो रजेवर असल्याचं ऐकायचं. काकांनी लावलेले पॅरे, म्हणजे ऑडिटचे आक्षेप, पुष्कळ. त्यातले निकाली किती निघाले, हा प्रश्न त्यांना जेवणाआधी विचारू नये. समोरून अनुपालन यायचं, त्यावर हे शेरा मारायचे, तोवर तिथला माणूस बदलून जायचा आणि नवा म्हणायचा, मला काही माहीत नाही. शेवटच्या पैशापर्यंत ताळा जुळलेला हिशेब एकदाही न बघता माणूस घरी बसला.

मग घरात मीटर आलं. पुण्याच्या मुलानं मागवलं होतं वडिलांसाठी रक्तदाब मोजायचं यंत्र, पण मोबाइलवर बोट शेजारच्या चित्रावर पडलं असावं. खोक्यातून निघाला क्लॅम्पमीटर. परत पाठवायचं ठरलं, पण आलेला माल तपासल्याशिवाय परत करणं काकांच्या तत्त्वात बसेना. त्यांनी मीटरचा जबडा उघडला, इस्त्रीची केबल त्यात धरली आणि खटका दाबला. इस्त्री तापली, मीटरवर मात्र ०.००. दुसरा कुणी असता तर यंत्राला नावं ठेवून मोकळा झाला असता. काका दोन मिनिटं गप्प राहिले आणि एकदम म्हणाले, "जमा आणि नावे सारखेच आहेत. शिल्लक शून्यच येणार!"

खरोखर तसंच असतं. केबलच्या पोटात फेजची तार असते तशी न्यूट्रलचीही. एकीतून जेवढा करंट जातो तेवढाच दुसरीतून परत येतो आणि दोन्ही एकदम जबड्यात धरल्या तर त्यांची चुंबकक्षेत्रं एकमेकांना खोडून टाकतात. पहिल्याच दिवशी, कुणी न शिकवता, हे ज्याला उमगलं तो माणूस यंत्र परत कसलं करतोय! संध्याकाळपर्यंत काकांनी एक एक्स्टेन्शन बोर्ड तयार केला होता, त्यातली फेजची तार वीतभर वेगळी बाहेर काढलेली. तो बोर्ड आजही त्यांच्याबरोबर घरोघर फिरतो.

त्या रात्रीचे आकडे काकांना पाठ आहेत. घरातलं व्होल्टेज २२८. इस्त्रीचा करंट ४.३१ अँपिअर. व्होल्टला अँपिअरनं भागलं, कॉइलचा रेझिस्टन्स आला ५२.९ ओहम. व्होल्टला अँपिअरनं गुणलं, आले ९८२.७ वॅट. मग उलट तपासणी म्हणून करंटचा वर्ग करून रेझिस्टन्सनं गुणला, तरी ९८२.७. व्होल्टेजचा वर्ग करून रेझिस्टन्सनं भागला, पुन्हा ९८२.७. तीन वाटांनी गेलं तरी दशांशापर्यंत तेच उत्तर! काकूंच्या सांगण्यानुसार काकांचे डोळे भरून आले होते. तिन्ही सूत्रं मुळात एकाच सूत्राची रूपं, तेव्हा ती जुळल्याशिवाय राहणारच नाहीत, हे त्यांना सांगायचा धीर अजून कुणाला झालेला नाही.

इस्त्रीवर छापलं होतं १००० वॅट. मग १७ वॅट गेले कुठं? पहिला पॅरा तिथंच लागला असता. पण इस्त्रीच्याच पाठीवर '२३० व्होल्ट' हेही छापलेलं होतं आणि घरात आले होते २२८. वॅट व्होल्टेजच्या वर्गानं घटतात म्हणून दोन व्होल्टांत १७ वॅट गेले. हिशेब पुन्हा चोख. काकू आतून म्हणाल्या, "अहो, तापलीच आहे तर एक शर्ट तरी करून घ्या."

तेव्हापासून काका गल्लीचे झाले. "वहिनी, गिझर किती अँपिअर घेतो?" हा त्यांचा दारातला पहिला प्रश्न. चहा आला तरी त्यांचं नाक आधी स्विचबोर्डाकडे जातं, कारण जळकं बेकलाइट त्यांना चहाच्या वासातूनही ओळखू येतं. एका घरी २००० वॅटचा गिझर सहा अँपिअरच्या सॉकेटला कन्व्हर्टर लावून जोडलेला निघाला. पावणेनऊ अँपिअर, सॉकेटची एक भोकपट्टी ढिली. काकांनी लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूला मांडणी केली: ढिल्या जोडाचा रेझिस्टन्स समजा अर्धा ओहम, करंटचा वर्ग सुमारे ७६, गुणाकार ३८ वॅट. सोल्डरिंगचं साधं हत्यार २५ वॅटचं असतं आणि कथील वितळवतं. इथं त्याच्या दीडपट उष्णता रोज सकाळी प्लास्टिकच्या डबीत कोंडली जात होती. खाली 'आक्षेप क्र. १', सही, दिनांक. घरमालक म्हणाले, "काका, चार वर्षं झाली, काही होत नाही." काकांनी शांतपणे ओळ वाढवली: 'संबंधितांचे उत्तर समाधानकारक नाही.' पुढच्याच हिवाळ्यात सॉकेट भिंतीवरून वितळून खाली आलं. काकांनी विजयाचा शब्द काढला नाही, जुनी पत्रिका शोधून तिच्यावर 'निकाली' तेवढं लिहिलं. बरोबर असतात, म्हणूनच लोकांना ते नकोसे होतात.

पहिला तडाखा त्यांना बसला तो दहावीतल्या एका मुलीकडून. विज्ञानाच्या पुस्तकातलं विद्युतधारेचं गणित घेऊन ती आली: बल्ब १०० वॅटचा, व्होल्टेज २३०, रेझिस्टन्स काढा. काका म्हणाले, गणित कशाला, प्रत्यक्षच मोजू. माळ्यावरून जुना पिवळा बल्ब काढला, मीटर ओहमवर लावलं. ४० आलं. पुस्तकाच्या रीतीनं यायला हवं ५२९. काकांनी ४० धरून उलटा हिशेब केला तर बल्ब निघाला १३०० वॅटच्या वरचा. छापखान्याची चूक म्हणावं तर बल्बावरही १०० छापलेले. मुलगी थोडा वेळ बल्बाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "काका, तुम्ही तो थंड असताना मोजलात ना?"

टंगस्टनची तार पेटल्यावर अडीच हजार अंशांच्या आसपास तापते आणि तिचा रेझिस्टन्स दहा-तेरा पटींनी चढतो. बोर्डावर बल्ब लावून चालू करंट मोजला तेव्हा ०.४३ आला आणि भागाकार पुस्तकाला जाऊन मिळाला. खटका दाबतो त्याच क्षणी बल्ब का उडतो, हेही त्या दिवशी कळलं: थंड तारेतून पहिल्या क्षणी करंट दसपट धावतो, मग तार तापून त्याला आवरते. काकांनी मुलीला पेढा दिला. पण रात्री त्यांना झोप लागली नाही म्हणे. एकाच वस्तूचे सकाळी एक आणि संध्याकाळी एक असे दोन रेझिस्टन्स असू शकतात, ही गोष्ट ऑडिटच्या माणसाला पचायला जड.

खरी परीक्षा मात्र पाण्याच्या मोटरनं घेतली. आमच्या शहरात नळाला पाणी कधी येणार हे पंचांगात नसतं. येतं तेव्हा बहुधा मध्यरात्री, आणि आलं की सगळ्या गल्लीच्या मोटरी एकदम घुमतात. नळाला थेट मोटर लावणं नियमात बसत नाही, त्यामुळे अशी मोटर कुणाकडेच नाही. आवाज कशाचा येतो तेवढा विचारायचा नाही. व्होल्टेज बघता बघता १७६ वर येतं. इस्त्रीचं बरं असतं, व्होल्टेज पडलं की ती बिचारी कमी करंट घेऊन गप्प राहते. मोटर उलटी. व्होल्टेज पडलं की ती पाणी ओढण्यासाठी जास्त अँपिअर ओढते, सगळ्यांनी जास्त ओढलं की डीपीपासून येणाऱ्या तारेत आणखी व्होल्ट पडतात, आणि शेवटी कुणाची तरी वाइंडिंग जळून गल्लीभर वास सुटतो. काकांनी यावर तोडगा काढला. चार-चार घरांनी वीस-वीस मिनिटं मोटर लावायची. सही-शिक्क्याचं वेळापत्रक दाराजवळ चिकटवलं. पाणी आलं तेव्हा वेळापत्रकाखाली उभं राहून काका टॉर्च मारत ओरडत होते, "तिसरा गट, बंद करा!" तिसऱ्या गटात त्यांचं स्वतःचं घर होतं आणि काकूंनी मोटर बंद केली नाही.

हे होऊन गेलं. पण त्यातून मोटरीचा हिशेब लागला पाहिजे असं त्यांच्या मनानं घेतलं. हौदातून गच्चीवर पाणी चढवायची त्यांची अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर त्यांनी भर दुपारी बोर्डावर घेतली. २२० व्होल्ट, ३.६ अँपिअर, गुणाकार ७९२ वॅट. आता पडताळा. त्यांच्या वीजमीटरवर बारीक अक्षरांत ३२०० छापलेलं आहे. म्हणजे तांबडा दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. इस्त्रीला तो मिनिटाला ५२ वेळा लुकलुकतो, हे त्यांनी पूर्वीच मनगटी घड्याळ धरून मोजून ठेवलेलं. मोटरीला मोजले तर ३२. म्हणजे ६०० वॅट. पुन्हा मोजले, ३२. फ्रिज बंद, पंखा बंद, टीव्हीचा डबा काढलेला, काकू घामात. ३२.

१९२ वॅटचा अपहार!

कुणी फायदा म्हणून सोडून दिलं असतं. काका दोन दिवस जेवले नाहीत नीट. मोटर ७९२ घेते आणि मीटर ६०० लावतं याचा अर्थ मीटर आपल्या बाजूनं मंद चालतं आणि आपण इतकी वर्षं कमी बिल भरत आलो. त्यांनी अर्ज लिहायला घेतला: 'विषय – माझ्याकडून वसूलपात्र रकमेबाबत.' अर्जाची तीन पानं झाली. काकू म्हणाल्या, "बिल जास्त आलं म्हणून लोक भांडतात. तुम्हाला कमी आलेलं सोसवत नाही का?"

नेमका त्या दिवशी वायरमन आला, तोही दुसऱ्याच घरी. काकांनी त्याला फाटकातच गाठलं आणि आकडे वाचून दाखवले. तो तोंडातला मावा एका गालात सारून म्हणाला, "काका, वो मोटर है, इस्त्री थोडी है. पॉवर फॅक्टर देखो ना," आणि सायकलवर बसून गेला.

पुढचा आठवडा काका दिसले नाहीत. उस्मानपुऱ्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाला त्यांनी रोज संध्याकाळी धरून बसवलं होतं. मोटरीत असतात वेटोळी. त्यांच्यात करंट व्होल्टेजच्या पावलाला पाऊल न मिळवता मागे रेंगाळतो. त्यातला काही भाग चुंबकत्व उभं करायला जातो आणि क्षणार्धात जसाच्या तसा परत येतो. तार तो वाहते, मीटर त्याचे पैसे लावत नाही. ६०० भागिले ७९२, म्हणजे ०.७६ हा त्या मोटरीचा पॉवर फॅक्टर. सगळं ऐकून काका म्हणाले, "म्हणजे अग्रिम उचललं आणि त्याच महिन्यात परत भरलं. व्हाउचर फिरलं, खर्च पडला नाही." मुलगा म्हणाला, आमच्या सरांनी हे इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं. काकांना मात्र त्यात गंमत वाटली नाही. अग्रिमांच्या प्रकरणांतच त्यांची निम्मी नोकरी गेली होती.

त्या दिवसांत त्यांना आधार मिळाला तो गेऑर्ग ओहमचा. मुलानं मोबाइलवर त्याचं चरित्र वाचून दाखवलं. हा कोलोनचा शाळामास्तर. त्या काळच्या बॅटरीचं व्होल्टेज एका जागी ठरत नसे, म्हणून त्यानं तांबं आणि बिस्मथ यांचा जोड घेतला, एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात, आणि असा न हलणारा पुरवठा मिळवून मग मोजमापं केली. "याच्याकडेही डिमच असणार लाइट," काका आपलेपणानं म्हणाले. १८२७ साली त्यानं नियमाचं पुस्तक काढलं, तर जर्मनीतल्या विद्वानांनी त्याला थंड्या उत्तरानं वाटेला लावलं. मास्तरांनी नोकरी सोडली. लंडनच्या रॉयल सोसायटीनं कॉप्ली पदक दिलं ते १८४१ मध्ये. काकांनी बोटं मोजली. "चौदा वर्षं! चौदा वर्षांनी पॅरा निकाली निघाला." त्याहून त्यांना आवडला हेन्री कॅव्हेंडिश. यानं ओहमच्या कितीतरी आधी हाच संबंध ओळखला होता. मोजायला मीटर नव्हतं म्हणून स्वतः झटके घेऊन, कोणता जास्त लागला त्यावरून तुलना करायचा. छापलं मात्र नाही, वह्या तशाच राहिल्या, त्या मॅक्सवेलनं १८७९ मध्ये उजेडात आणल्या. इथं काकांच्या कपाळावर आठी चढली. एवढं काम करून टिपण वर पाठवलं नाही, हा त्यांच्या लेखी गंभीर दोष.

मे महिन्यातला एक प्रसंग सांगतो. गल्लीतल्या एका घरी पत्र्याचा कूलर. पाणी भरताना झिणझिण्या येतात असं घरची सून सहज बोलून गेली. सासरे म्हणाले, "थोडं थोडं येतंय, त्याला काय होतं?" काका उठले. कूलरचा पत्रा आणि ओली जमीन यांच्यात मीटरनं ११० व्होल्ट दाखवले. डिजिटल मीटर कधीकधी नसलेले व्होल्टही दाखवतं हे ते इंजिनिअरिंगच्या मुलाकडून शिकले होते, म्हणून त्यांनी झिरोचा बल्ब त्याच दोन जागी धरला. बल्बाची तार लालसर पेटली. म्हणजे व्होल्ट खरे होते. तीन पिनांच्या प्लगमधली अर्थिंगची पिन कधीच मोडून टाकलेली होती, कारण घरातल्या सॉकेटला दोनच भोकं. या वेळी काकांनी पत्रिका मागितली नाही. ओल्या पायांच्या माणसाचा रेझिस्टन्स हजार ओहम धरला तर करंट ११० मिलिअँपिअर. अर्थ लीकेजचा ब्रेकर ३० लाच पडतो, तोही या घरात नव्हता. हे तोंडातल्या तोंडात म्हणत त्यांनी बोर्डाचा खटका बंद केला, टेस्टरनं प्लगचे स्क्रू सोडले, प्लग केबलपासून वेगळा केला आणि खिशात टाकला.

घरात आरडाओरड. बाहेर ४२ अंश. सासरे म्हणाले, "काका, आमचा प्लग घेऊन कुठं चाललात?" काकांनी थांबून रीतसर पावती लिहून दिली: 'थ्री-पिन प्लग, एक नग, अर्थिंग होईपर्यंत ताब्यात घेतला.' सही. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्थिंग झालं. इतक्या लवकर वायरमन येतो हे गल्लीनं पहिल्यांदाच पाहिलं. प्लग परत देताना काकांनी पावती मागून घेतली आणि फाडली. ती सून हल्ली त्यांना चहात आलं जास्त घालून देते.

अलीकडे काकांचा मोहरा डीसीकडे वळला आहे. डीसीत पॉवर फॅक्टरची भानगड नाही, करंट मागे रेंगाळत नाही, व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, विषय संपला. पेन्शनमधून त्यांनी डीसी मोजणारा वेगळा क्लॅम्पमीटर घेतला. सूर्यघर योजनेतून गल्लीत पहिले सोलर पॅनल बसले तेव्हा बसवणाऱ्या पोरांच्या आधी काका गच्चीवर. जानेवारीच्या दुपारी एका पॅनलचे ४१ व्होल्ट, १३ अँपिअर, ५३३ वॅट. पाठीमागच्या पट्टीवर ५४०. काका खाली येऊन दोन पोळ्या जास्त जेवले.

मग मे उजाडला. घरमालक खुशीत होते, उन्हाळा आहे, वीज धो धो होणार. काकांनी मोजलं तर पॅनल ४६० च्या पुढं सरकेना. ऊन भरपूर, आभाळ स्वच्छ, काच पुसलेली. इंजिनिअरिंगच्या मुलानं सांगितलं, पॅनलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. काच ६५ अंशांना तापली की व्होल्टेज उतरतं आणि वॅट सात-आठ हिश्शांतला एक हिस्सा कमी होतात. कारण पटलं. पण ८० वॅटची तूट तर खरीच, आणि ती नोंदवल्याशिवाय वही बंद करता येईना. काकांनी लग्नपत्रिका उलटी केली, आकडे मांडले, आक्षेप नीट भाषेत लिहिला. 'प्रति' पुढची जागा मात्र कोरी राहिली.

"वरच्यालाच पाठवा," काकू म्हणाल्या.

"पाठवीन हो," काका म्हणाले, "पण पोच कोण देणार?"